छत्रीवरची धूळ

डिश अँटेनाला महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ‘छत्री’च म्हणतात. केबलचालकाच्या कंट्रोल रूमवरच्या गच्चीत आठ, दहा, बारा फुटी छत्र्यांची रांग असते. घराच्या खिडकीबाहेर दीड-दोन फुटांची एकच असते. दोन्हीकडे चित्र फुटू लागले की पहिला आळ धुळीवर येतो. कोणीतरी बादली आणि फडके घेऊन वर जातो, डिश लख्ख करतो, आणि चित्र तसेच फुटत राहते.

बरीच वर्षे हे काम केलेल्या तंत्रज्ञाला या आळाचा खोटेपणा ठाऊक असतो. कोरडी धूळ सिग्नल जवळजवळ अडवतच नाही. सी बँडमध्ये, ४ गिगाहर्ट्झच्या आसपास, लहरीची लांबी साडेसात सेंटिमीटर असते. घरगुती डिशच्या केयू बँडमध्ये १२ गिगाहर्ट्झला ती अडीच सेंटिमीटर भरते. एवढ्या लांब लहरीला केसाएवढ्या जाडीचा धुळीचा थर जाणवतही नाही. तरीही डिश नियमाने पुसावी लागते, कारण पुसणाऱ्याचा हात प्रत्येक बोल्टपाशी, प्रत्येक सांध्यापाशी जातो आणि डोळा वीतभर अंतरावरून पाहतो. खरे दोष तेव्हा सापडतात. सफाई हे तपासणीचे निमित्त आहे, ही गोष्ट नवख्याच्या अंगी मुरायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात.

वर्षातून दोनदा हे काम करावे: एकदा मे महिन्यात, पावसाआधी, आणि एकदा ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर. किनारपट्टीवर दोनदा पुरत नाही. रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडची खारी हवा जस्ताचा मुलामा दिलेल्या बोल्टलाही दोन वर्षांत तांबूस करते, आणि जांभ्याची लाल माती पहिल्या सरीबरोबर डिशच्या पोटात चिखल होऊन बसते. देशावर गंज हळू चढतो, पण उन्हाने केबलचे आवरण तडकते. वेळ सकाळचीच घ्यावी. दुपारी बाराला मे महिन्यातल्या पत्र्याच्या डिशला हात लावता येत नाही, आणि साबणाचे पाणी पुसायच्या आत वाळून डाग पडतात.

फडक्याला हात घालण्याआधी मीटर लावायचा. रिसीव्हरच्या पडद्यावर ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ असे दोन आकडे दिसतात. स्ट्रेंग्थचा आकडा फसवा असतो, कारण त्यात गोंगाटाची ताकदही मोजली जाते. भरवसा क्वालिटीवर ठेवावा. मीटर चांगला असेल तर सिग्नल आणि गोंगाट यांच्यातले अंतर डेसिबेलमध्ये वाचावे. प्रत्येक डिशचे, प्रत्येक पोलरायझेशनचे (लहरीच्या उभ्या-आडव्या कंपनाचे) वाचन, तारीख, वेळ आणि आभाळाची स्थिती वहीत लिहावी.

या वहीची किंमत बहुतेक तंत्रज्ञांना एखाद्या अपमानातून कळते. असा प्रसंग या धंद्यात सगळ्यांच्याच वाट्याला येतो. गच्चीवरच्या चार डिश स्वच्छ होतात, बोल्ट आवळले जातात, आणि दुसऱ्या दिवशी केबलचालकाचा फोन येतो: तुम्ही हात लावण्याआधी चांगले दिसत होते. आधीचा आकडा लिहिलेला नसतो. म्हणणे खरे की खोटे हे तंत्रज्ञाला सांगता येत नाही, आणि चूक आपली असेल तर ती कुठल्या डिशवर झाली हेही कळत नाही. पुन्हा चारही डिशवर चढावे लागते. त्यानंतर वही सुटत नाही.

जुन्या काळी वहीवाचूनही थोडेफार निभावत असे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एशियासॅट-१ उपग्रहावरून स्टार टीव्ही आणि झी टीव्ही येऊ लागले तेव्हा प्रक्षेपण अ‍ॅनालॉग होते. डिश जरा सरकली की चित्रात पांढरे-काळे ठिपके चमकत. ठिपके वाढले की माणूस गच्चीवर जाई. डिजिटल प्रक्षेपणाने ही पूर्वसूचना काढून घेतली. सिग्नल हळूहळू खालावत असतानाही चित्र काचेसारखे स्वच्छ राहते, आणि शिल्लक संपली की एका क्षणात चौकटी पडून थिजते. संकट महिनाभर आधी दिसायचे तर ते वहीतल्या उतरत्या आकड्यांतच दिसते.

चढण्याआधीची खबरदारी थोडक्यात सांगता येते, पण ती टाळू नये. रिसीव्हरचा वीजपुरवठा बंद करावा. एलएनबीला, म्हणजे फीडला जोडलेल्या, सिग्नल वाढवणाऱ्या डबीला, सिग्नलच्याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट जातात आणि चालू स्थितीत कनेक्टर सोडताना तारेची टोके भिडली तर रिसीव्हरचा तो भाग जळू शकतो. बँकेच्या किंवा पेट्रोल पंपाच्या छपरावरची व्हीसॅट डिश सिग्नल घेते तशी सोडतेही. तिच्या फीडसमोर, म्हणजे डिशच्या केंद्रातल्या सिग्नल घेणाऱ्या-सोडणाऱ्या तोंडासमोर, प्रेषण बंद केल्याशिवाय डोके नेऊ नये. गच्चीला कठडा नसेल तर कमरेचा पट्टा आणि दोर हवाच. मे महिन्यात दुपारनंतर ढग गडगडू लागले की अर्धे काम टाकून खाली उतरावे. गच्चीवरचा लोखंडी पोल हे अनेकदा त्या परिसरातले सगळ्यात उंच धातूचे टोक असते.

सफाईला लागते ते सामान साधेच आहे: साधे पाणी, सौम्य साबण, सुती फडके, मऊ स्पंज. तारेचा ब्रश, रॉकेल, थिनर आणि भांडी घासण्याचा काथ्या यांना गच्चीवर जागा नाही. यांनी रंग खरवडला जातो आणि खालचा पत्रा उघडा पडतो. कबुतरांची विष्ठा कोरडी खरवडू नये. ओले फडके तासभर तिच्यावर ठेवले की ती आपोआप सुटते. ती तशीच राहू दिली तर मात्र रंगातून खाली उतरते. पुसण्याची दिशा वरून खाली. दाबाच्या पाण्याची पिचकारी डिशच्या पाठीवर चालेल, फीडवर कधीही नाही. आणि पुसताना डिशवर अंगाचा भार टाकायचा नाही. एक हात मागच्या चौकटीवर, दुसऱ्या हातात फडके.

आपल्याकडच्या सॉलिड डिशचे एक दुखणे परदेशी पुस्तकांत फारसे भेटत नाही. युरोपात उपग्रह क्षितिजाकडे झुकलेला असतो, म्हणून डिश जवळजवळ उभी राहते आणि पाऊस घसरून जातो. मुंबईहून ८३ अंश पूर्वेचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर आहे. म्हणजे डिश आभाळाकडे तोंड करून, जवळजवळ परातीसारखी पडलेली असते. मध्यभागी फीड असलेल्या आठ फुटी डिशमध्ये पाणी खालच्या काठाशी येऊन थांबत नाही; काठापासून साधारण फूटभर आत साचते. त्यात पाने कुजतात, शेवाळ धरते, डासांच्या अळ्या होतात. साचलेले पाणी परावर्तनाचा आकारच बदलून टाकते. यावर उपाय म्हणजे नेमक्या त्या जागी पाच-सहा मिलिमीटरचे एक भोक. सी बँडच्या लहरीला एवढे भोक दिसत नाही. जागा शोधायची तर डिशमध्ये तांब्याभर पाणी ओतावे आणि ते कुठे थांबते ते पाहावे. भोक आधीच पाडलेले असेल तर दर तपासणीत काडी घालून मोकळे करावे. आंब्याचा एक मोहोरही ते बुजवायला पुरतो.

जाळीच्या डिशला हा त्रास नाही, आणि वाराही तिच्यातून निघून जातो. जाळीची भोके लहरीच्या लांबीच्या दहाव्या हिश्शापेक्षा लहान असली की लहरीच्या दृष्टीने ती अखंड पत्राच असते. १९७५-७६ साली ‘साइट’ या उपग्रहाद्वारे शिक्षणाच्या प्रकल्पात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांमध्ये एटीएस-६ उपग्रहावरून दूरदर्शन पोहोचले ते कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तीन मीटर डिशमधून. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ वेधशाळेच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणीही पोलादी तारेच्या जाळीच्याच आहेत, कारण त्या सी बँडपेक्षा खूपच लांब लहरी टिपतात. जाळीची डिश पुसायची नसते. तिच्यावर नळाने पाणी सोडायचे आणि प्रत्येक पाकळीच्या कडेने बोट फिरवून सुटलेले रिबिट शोधायचे. सुटलेली जाळी वाऱ्यात थरथरते, आणि हा दोष फक्त वारा असतानाच दिसतो. शांत सकाळी मीटरवर सगळे ठीक असते.

सफाईच्या उत्साहाने केलेले सगळ्यात मोठे नुकसान रंगाचे असते. गंज दिसला, म्हणून मालकाने घराच्या दारांसाठी आणलेला चकचकीत ऑइलपेंट डिशलाही लावला. दिसायला डिश नवी झाली. पुढच्या मार्चमध्ये एके दुपारी फीडचे प्लास्टिकचे टोपण वितळून खाली ओघळले. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, आणि डिश ज्या बिंदूवर सिग्नल गोळा करते त्याच बिंदूवर ऊनही गोळा करते. कारखान्यातला मूळ रंग मंद, खरबरीत असतो तो याचसाठी: ऊन विखुरले जावे म्हणून. गंजाच्या ठिकाणी बारीक पॉलिशपेपर, रेड ऑक्साईडचा पातळ हात आणि वर मॅट रंग, एवढेच करावे, आणि तेही तेवढ्याच जागी.

पुसून झाल्यावर आकार तपासावा. धुळीपेक्षा आकाराचा दोष किती महाग पडतो याचे गणित जॉन रूझ या अभियंत्याने मांडले. त्या गणिताप्रमाणे पृष्ठभागात सरासरी एक मिलिमीटरची खोट असेल तर सी बँडमध्ये सुमारे ०.१ डेसिबेल तोटा होतो, जो कोणाला कळणारही नाही. केयू बँडमध्ये तोच तोटा १.१ डेसिबेल होतो, म्हणजे जवळपास पाव सिग्नल गेला. घरगुती डिशला पडलेला पोचा म्हणून कमी लेखू नये. मोठ्या गोल डिशची परीक्षा दोन दोऱ्यांनी होते. काठाच्या समोरासमोरच्या बिंदूंवर एकमेकांना काटकोनात दोन दोरे ताणून बांधायचे. मध्यावर ते एकमेकांना नुसते टेकले तर काठ एका पातळीत आहे. त्यांच्यात बोटभर फट राहिली किंवा एकाने दुसऱ्याला दाबले तर डिश पापडासारखी वळली आहे. फट आहे की दाब, हे दोरे खाली-वर बदलून पुन्हा पाहावे.

वळण्याची कारणे नेहमी वाऱ्याचीच नसतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर वानरांचा कळप डिशच्या काठावर बसतो. एखादे फीडच्या दांड्यांना लोंबकळते. दांडी एक सेंटिमीटर वाकली की फीड केंद्रातून सरकते, आणि खालून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून फीडच्या तोंडापासून काठापर्यंतचे अंतर चार ठिकाणी मोजावे; चारही मापे सारखी आली पाहिजेत. फीडची उंचीही मोजून पाहता येते. व्यासाच्या वर्गाला खोलीच्या सोळा पटीने भागले की केंद्राचे अंतर मिळते: व्यास २४४ सेंटिमीटर आणि खोली ४० असेल तर ९३ सेंटिमीटर. टेप आणि कागद यांपलीकडे यासाठी काही लागत नाही, आणि तरीही कित्येक गच्च्यांवर हे माप डिश बसवल्यापासून कोणी घेतलेले नसते.

पोल ओळंब्याने पाहावा, दोन बाजूंनी. पोल तिरका असेल तर डिशच्या रोखाची सगळी मापे खोटी ठरतात. त्याच्या पायथ्याशी सिमेंटच्या ओट्याला तडा गेला आहे का, बोल्टभोवती गंजाचे पाणी ओघळले आहे का हे बघावे. त्याच तड्यातून पाणी खालच्या घरात उतरते आणि भांडण मात्र डिशवरून होते. मग बोल्ट. येथे घाईने जितके नुकसान होते तितके गंजाने होत नाही. सुमारे ७६ मिलिमीटर जाडीच्या पोलवर डिशची बाही दोन मिलिमीटर जरी फिरली तरी ६५ अंश उंचीवरच्या उपग्रहाकडची तिची नजर सव्वा अंश बाजूला जाते, आणि आठ फुटी सी बँड डिशला निम्म्याहून जास्त सिग्नल गमवायला तेवढे पुरते. म्हणून पाना लावण्याआधी बाहीवरून पोलवर उतरणारी एक सरळ रेघ मार्करने ओढावी. नट थोडाथोडा, समोरासमोरचा, आळीपाळीने आवळावा आणि प्रत्येक वेळी मीटर पाहावा. गंजलेला बोल्ट सोडवून बदलायचा तर एका वेळी एकच. पुढच्या वर्षी रेघेची दोन टोके जुळत नसली तर डिश वाऱ्याने फिरली हे मीटर न लावताही कळते.

आता फीड आणि एलएनबी. डिशची सगळी मेहनत जिथे एकवटते ती ही मूठभर जागा, आणि बहुसंख्य तक्रारींचे मूळ इथेच असते. फीडच्या तोंडावरचे टोपण उन्हाने तीन-चार वर्षांत ठिसूळ होते. त्याला नखाएवढी चीर गेली की कुंभारीण माशी आत शिरते आणि मातीचे घर बांधते. ओली माती आणि पाणी लहरी गिळून टाकतात. डिशच्या सगळ्या पृष्ठभागावर पसरलेल्या धुळीने जे होत नाही ते फीडच्या तोंडातल्या चमचाभर मातीने होते. पावसात सिग्नल जातो आणि ऊन पडल्यावर दोन तासांनी परत येतो, अशी तक्रार आली की अनुभवी माणूस डिशकडे पाहतही नाही; तो टोपण आणि कनेक्टर उघडतो. टोपण ओल्या मऊ फडक्याने पुसावे, तडा असेल तर बदलावे. चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नये. पट्टीखाली पाणी अडकते.

कनेक्टर उघडल्यावर केबलची मधली तांब्याची तार पाहावी. ती लालसर चमकत असेल तर ठीक. काळी किंवा हिरवट असेल तर पाणी शिरले आहे. पाणी वेणीच्या तारेतून केशाकर्षणाने आत ओढले जाते, म्हणून टोक थोडे कापून भागत नाही. स्वच्छ तांबे लागेपर्यंत मागे मागे कापत जावे, आणि चार-पाच फुटांतही ते लागले नाही तर केबलच बदलावी. नव्या जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे तिचे पदर छपरावरच्या कौलांसारखे बसतात आणि पाणी बाहेरच्या बाहेर उतरते. कनेक्टरच्या आधी केबलला खाली एक झोल द्यावा; थेंब तिथून गळतात.

सूर्य उपग्रहामागे येतो त्या दिवसांचा चांगला उपयोगही होतो. महाराष्ट्राच्या अक्षांशावर हे दिवस मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी येतात. रोज काही मिनिटे सूर्याचा गोंगाट सिग्नलला झाकून टाकतो. ग्राहकांना हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर त्या मिनिटांत कोणीतरी गच्चीवर जाऊन नीट लागलेली डिश फिरवतो. त्या वेळी फीडची सावली गोल डिशच्या बरोबर मध्यावर पडली तर रोख अचूक आहे. सावली कोणत्या बाजूला सरकली आहे यावरून डिश कुठे वळवायची तेही कळते. इतकी खात्रीची आणि फुकटची तपासणी दुसरी नाही.

गेल्या काही वर्षांत एक नवे कारण धुळीच्या खात्यावर जमा होऊ लागले. २०२२च्या ऑक्टोबरात भारतात ५जी सेवा सुरू झाली आणि तिच्यासाठी दिलेल्या लहरींपैकी ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा पट्टा सी बँडच्या अगदी उंबरठ्याशी आहे. उपग्रहाचे चॅनल ३.७ पासून वर असले तरी जुने एलएनबी ३.४ पासूनच कान उघडे ठेवतात. जवळच्या इमारतीवर टॉवर उभा राहिला की ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून आलेला क्षीण सिग्नल आत येण्याआधीच एलएनबी त्या मोठ्या आवाजाने भरून जातो. एका गच्चीवरच्या डिश अशा वेळी महिन्यात तीनदा धुतल्या गेल्या, दोन एलएनबी बदलले गेले, एक डिश दोष नसताना पुन्हा रोखली गेली. चौथ्या खेपेला मीटरवर वर्णपट पाहिला तेव्हा उपग्रहाच्या पट्ट्याच्या डाव्या कडेला डोंगर उभा दिसला. फीड आणि एलएनबी यांच्यामध्ये चाळणी, म्हणजे बँडपास फिल्टर, बसवल्यावर वाचन वहीतल्या जुन्या आकड्यावर परत आले. वहीत जुना आकडा होता म्हणूनच ते परत आल्याचे कळले.

अर्थिंगची पट्टी पोलला घट्ट लागली आहे का, तिचा सांधा गंजला आहे का, हे शेवटी पाहावे, आणि मोकळ्या केबल नायलॉनच्या काळ्या पट्ट्यांनी बांधाव्यात. पांढऱ्या पट्ट्या उन्हाने वर्षभरात तुटतात. रिसीव्हर चालू करून प्रत्येक डिशचे वाचन सकाळच्या वाचनाशेजारी लिहावे. वाचन अर्ध्या डेसिबेलपेक्षा जास्त खाली गेले असेल तर उतरू नये; शेवटचा हात लावलेला बोल्ट पहिल्याने तपासावा. पाने, पक्कड, फडकी मोजून पिशवीत भरावीत, कारण डिशच्या पाठीमागे राहिलेला पाना पहिल्या वादळात खालच्या रस्त्यावर येतो. मेमध्ये काम केले असेल तर एक खेप बाकी राहते: पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, भोकातून पाणी उतरले की नाही ते पाहायला.